लिलावातलं नाणं: स्लॅबमधलं घ्यावं की सुटं?

कॅटलॉगमध्ये एकच नाणं दोन रूपांत दिसतं. एक पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांच्या बंद पारदर्शक डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, लेबलावर ग्रेड (नाण्याच्या स्थितीचा दर्जा) लिहिलेलं. दुसरं सुटं, लिलावगृहाच्या जाणकारानं पाहून वर्णन केलेलं. बरीच वर्षं मी सुटीच नाणी घेतली. आता बहुतेक वेळा घेत नाही.

सुट्या नाण्याची बाजू कमजोर नाही. ते तोलता येतं, पाण्यात बुडवून घनता काढता येते (शुद्ध चांदीची साधारण १०.५), आणि मुख्य म्हणजे कड पाहता येते. ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचं १८१८चं क्राउन, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, घ्या. त्याच्या कडेवर राजवटीचं वर्ष रोमन आकड्यांत उठवलेलं असतं, काहींवर ५८, काहींवर ५९. प्रकार ठरतो तो तिथेच. स्लॅबमध्ये कड बरीचशी झाकली जाते आणि लेबलावर विसंबावं लागतं. याची मला आजही रुखरुख वाटते.

पण माझं मत फिरलं ते एका गोष्टीनं: पुसलेली नाणी. ठसा आदळताना धातू बाहेरच्या दिशेनं सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरतात, ते या रेषांमुळे. कुणी कापडानं, पावडरनं नाणं चोळलं की ते आरे मरतात आणि मागे केसासारखे ओरखडे राहतात. समोरून नीट प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत यातलं काहीही दिसत नाही.

मी असंच एक क्राउन फोटोवर भुलून घेतलं. वर्णनात ग्रेड चांगली होती, पुसल्याचा उल्लेख नव्हता. घरी एकाच बल्बखाली तिरकं धरलं, तर राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत सगळे ओरखडे एकाच दिशेनं गेलेले. अक्षरांच्या खाचांत मात्र जुना काळसरपणा तसाच, कारण कापड तिथे पोचलंच नव्हतं. परत घ्यायला लिलावगृहानं नकार दिला, ग्रेड हे फक्त मत आहे असं अटींत लिहिलेलं होतं. पुढे ग्रेडिंगला पाठवलं तर आकडा मिळालाच नाही. लेबलावर आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ आणि पुढे ‘क्लीन्ड’, म्हणजे पुसलेलं. हेच लेबल बोलीआधी समोर असतं तर मी हात वर केला नसता.

किंमत ठरवतानाही स्लॅबनं माझं काम सोपं केलं. नाणेतज्ज्ञ विल्यम शेल्डननं १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडलेली १ ते ७०ची श्रेणी आज या ग्रेडिंग कंपन्या वापरतात, त्यामुळे ६२ची जुनी विक्री ६२शी ताडून बघता येते. (त्या विक्रीच्या किमतीत बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ती जादा रक्कम, धरलाय का, तेवढं बघा. प्रीमियम २० टक्के असेल आणि एकूण १०० घालायची तयारी असेल, तर बोली ८३वर थांबवावी लागते.) सुट्या नाण्यात एका लिलावगृहाचं ‘उत्तम’ दुसऱ्याचं ‘बरं’ असू शकतं, म्हणून मी पुसलेलं निघण्याच्या धोक्यापोटी बोली आणखी खाली ठेवत असे. मग चांगली नाणी हातची जात.

स्लॅब म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. डब्याही नकली निघतात, तेव्हा प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या साइटवर घालून फोटो ताडून घ्यावा. स्वस्त नाण्याला ग्रेडिंगचा खर्च परवडत नाही. आणि लिलावाआधी नाणी प्रत्यक्ष पाहायला जाता येत असेल, दहापट भिंग आणि तिरका दिवा मिळत असेल, तर सुटं नाणं खुशाल घ्या, मीही घेईन. घरबसल्या फोटोवर बोली लावणाऱ्याला मात्र मी भीतभीतच का होईना, स्लॅबकडे वळायला सांगेन.

१८१८चं क्राउन मी गेल्या वर्षी पुन्हा घेतलं, स्लॅबमधलं, पहिल्यापेक्षा बरंच महाग. तिरकं धरलं की प्रकाशाचे आरे अजून पूर्ण फिरतात. कडेवरचं वर्ष मात्र लेबलावरच वाचावं लागतं.