हॅब्सबर्ग घराण्याची सहल: एक अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रवासी कंपनीने आखलेली, ऑस्ट्रियावर अनेक शतके राज्य केलेल्या हॅब्सबर्ग घराण्याच्या स्थळांची ही सहल मराठीतून माहिती सांगणाऱ्या मार्गदर्शकामुळे पैसे वसूल करते. वेळेची वाटणी मात्र पार फसली आहे. व्हिएन्नातील कापुचिन मठाच्या तळघरात, म्हणजे या घराण्याच्या दफनस्थळी, निवांत फिरता येते. तेथे घराण्याची राज्यकर्ती मारिया थेरेसा व तिच्या पतीची धातूची भव्य जोडशवपेटी असून तिच्यावर दोघे कयामतीच्या हाकेने जागे होऊन एकमेकांकडे पाहत असल्याचे घडवले आहे, आणि समोरच त्यांचा मुलगा दुसरा जोसेफ याची तांब्याची अगदी साधी पेटी आहे. घराण्यातील अनेकांची हृदये ऑगस्टीनियन चर्चमध्ये, तर आतडी सेंट स्टीफन कॅथेड्रलखाली ठेवली आहेत, हे ऐकल्यावर गटातील एका काकूंनी जेवणच टाळले. दौलताबादचा किल्ला आणि खुलताबादच्या कबरी एकाच दिवसात पाहणाऱ्या आपल्याला या घराण्याचा मूळ किल्ला थेट स्वित्झर्लंडमध्ये असल्याचे नवल वाटते. पण तेथे जेमतेम फोटोपुरते थांबवले गेले. १०२७ मध्ये स्थापन झालेला, शेवटचा सम्राट कार्ल याचे हृदय जपणारा जवळचा मुरी मठ तर कार्यक्रमातच नाही. जेवणाबद्दल तक्रार नाही. खरेदीची दुपार वगळून मुरी घ्यावे, असे कंपनीला लेखी कळवले आहे.