जुने बालपट: कुलपात ठेवावेत, कापावेत की पूर्ण दाखवावेत?

घरात सात ते बारा वयाची मुलं आहेत आणि डिस्नेचे जुने सिनेमे त्यांना दाखवावेत की नाही, असा पेच पडला असेल, तर वाटा तीनच आहेत. दाखवूच नये, खटकणारं कापून दाखवावं, किंवा आधी दोन शब्द सांगून पूर्ण दाखवावं. नंदुरबारच्या आमच्या घरी भाचेमंडळींसाठी मी तिन्ही वाटा चालून पाहिल्या.

कुलपाची बाजू मला समजते. ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) कंपनीने अमेरिकेत घरी बघण्यासाठी पूर्ण असा कधीच काढला नाही, आणि सुरुवातीला इशाऱ्याची पाटी लावूनही तो येणार नाही असं कंपनीचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर यांनी २०२० मध्ये भागधारकांना सांगितलं. मळ्यावरची कृष्णवर्णीय माणसं त्यात सदा हसतमुख दाखवली आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तशा मळ्यांवरची गुलामी सोसली, त्यांना हा सिनेमा नको असेल तर मी कोण बोलणार? तरी मन पूर्ण मानत नाही. त्यातली मुख्य भूमिका करणाऱ्या जेम्स बॅस्केट यांना १९४८ मध्ये विशेष ऑस्कर मिळालं, पण अटलांटातल्या पहिल्या खेळाला वर्णभेदामुळे त्यांना जाता आलं नव्हतं. कुलूप लागलं की त्यांचं कामही आत जातं आणि त्यांच्यावरचा अन्यायही. शिवाय युरोपात निघालेल्या कॅसेटींच्या नकला फिरतातच, त्याही पाटीशिवाय.

कापण्याची वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटली होती. कंपनीनेही ती वापरली आहे. ‘फँटेशिया’मधलं (१९४०) एका कृष्णवर्णीय पात्राचं विडंबन १९६९ नंतरच्या प्रतींमधून काढून टाकलं. आमच्या घरी कात्रीचं काम रिमोट करायचा. ‘पीटर पॅन’ची (१९५३) जुनी डीव्हीडी लावली होती. होळीच्या आधीचा रविवार, म्हणून भाच्याचा वर्गमित्रही वसतिगृहातून आला होता. मुलगा पावरा आदिवासी, गाव धडगावकडचं. पिसं लावलेली, लालबुंद रंगवलेली ती मूळ अमेरिकी लोकांची टोळी पडद्यावर आली आणि मी झटकन पुढे पळवलं. भाचा म्हणाला, “मामा, काबरं?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मग त्या मुलाने हळूच विचारलं, “मामा, जंगलातले लोक आले म्हणून तुम्ही पुढे नेलं का? मी आहे म्हणून?”

त्या प्रश्नाने माझ्यापुरता निकाल लागला. ज्याला जपायला मी बटण दाबलं, त्यालाच मी सगळ्यांसमोर वेगळा काढून बसवलं होतं. त्यात चूक मुलांसमोर आलीच नाही, मुलांच्या लक्षात राहिली ती माझी लपवाछपवी.

मी मागे घेतलं आणि पूर्ण दाखवलं. त्या डीव्हीडीवर पाटी नव्हती, म्हणून मीच सांगितलं की हे ज्यांनी काढलं त्यांनी त्या लोकांना नीट पाहिलेलं नव्हतं, आणि हे तेव्हाही चूक होतं. मुलगा गप्प बसून बघत राहिला. संपल्यावर म्हणाला, आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पण असंच करतात, तोंडाला काळं फासून, पानं बांधून. मग आमच्याच जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीचं सांगू लागला. बुध्या होणारा माणूस आधी कित्येक दिवस व्रत पाळतो, जमिनीवर झोपतो, मग मोरपिसांचा उंच टोप चढवतो आणि कमरेला भोपळे बांधतो. माझी भाची तोंड उघडं ठेवून ऐकत होती. पीटर पॅन कुठल्या कुठे राहिला.

एका घरातल्या एका दुपारवरून नियम काढू नये, हे मला कळतं. दुसरं एखादं मूल त्या दृश्याने नुसतंच दुखावलं असतं, आणि बोलायला मोठं माणूस शेजारी नसेल तर पाटी वाचतो कोण? डिस्नेनेही २०२० मध्ये पाट्यांचा मजकूर अधिक स्पष्ट केला आणि पुढे ‘डंबो’, ‘पीटर पॅन’सारखे सिनेमे आपल्या ‘डिस्ने प्लस’ या ऑनलाइन सेवेवर लहान मुलांच्या प्रोफाइलमधून काढले, मोठ्यांच्यात ठेवले. मला ही सोय त्यातल्या त्यात योग्य वाटते. सातच्या खालच्या मुलांना मी अजूनही दाखवत नाही.

हाच घोळ आपल्याकडेही आहे. ‘पडोसन’ (१९६८) आपण सहकुटुंब बघतो, त्यातल्या मद्रासी मास्तरला हसतो, आणि त्यावर कसली पाटी नसते. तो दाखवतानाही आता मी आधी दोन वाक्यं बोलतो.

तुमचा कल कापण्याकडे असेल तर निदान एवढं करा: ते दृश्य आलं की पुढे पळवू नका, थांबवा. तो मुलगा आता सुटीला गावी जाऊन आला की आमच्याकडे येतो. यंदा त्याने काठीच्या होळीचे मोबाईलवर घेतलेले व्हिडिओ आणले होते, ते आम्ही त्याच टीव्हीवर बघितले.