मर्जी की कारण? अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा बडतर्फीचा अधिकार

राष्ट्राध्यक्षाने अधिकाऱ्याला केवळ आपल्या मर्जीने काढावं, की ठोस कारण असेल तरच? अमेरिकेत या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल समोरासमोर उभे आहेत. पहिला १९२६चा. वुड्रो विल्सन यांनी पोर्टलंडच्या पोस्टमास्तरला, फ्रँक मायर्सला, काढलं होतं. कायद्यानुसार त्यासाठी सिनेटची संमती हवी होती, ती घेतली नाही. सरन्यायाधीश टाफ्ट (स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष, हे विसरू नये!) म्हणाले, संमतीची गरजच नाही.

दुसरा १९३५चा. फेडरल ट्रेड कमिशनच्या (व्यापारातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाच्या) आयुक्तांची मुदत सात वर्षं. अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन असेल तरच हकालपट्टी. रूझवेल्ट यांनी केवळ धोरण जुळत नाही म्हणून त्यातले एक आयुक्त विल्यम हम्फ्री यांना काढलं. ते चूक, असं न्यायालयाने एकमताने ठरवलं. गंमत म्हणजे दोन्ही खटल्यांत मूळ माणूस निकालाआधीच वारला. मागे उरला थकलेल्या पगाराचा वाद.

मर्जीच्या बाजूने एक मुद्दा खरा वजनदार आहे: कारभार बिघडला तर मतदाराने जाब कुणाला विचारायचा? ज्यांना कुणी निवडून दिलं नाही, त्या आयुक्तांना? २०२० मध्ये न्यायालयाने ग्राहक वित्त संरक्षण संस्थेच्या एकट्या संचालकाचं ‘कारणाशिवाय काढता येणार नाही’ हे संरक्षण काढून घेतलं, ते याच विचाराने.

तरीही मला कारणाची अट बरी वाटते. फेडरल रिझर्व्हचंच, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचंच बघा. निवडणुकीच्या तोंडावर व्याजदर उतरवायला कुठल्या सत्ताधाऱ्याला आवडणार नाही? तिथल्या गव्हर्नरांची मुदत चौदा वर्षांची ठेवलीय, ती उगाच नाही.