घोड्याच्या नालेसाठी खिळा कुठला घ्यायचा, 4, 5, 6 की 5 स्लिम?

नालबंद फोनवर सांगतो, येताना खिळे घेऊन या, आणि दुकानात गेलं की 4, 5, 6 ची खोकी समोर, त्यात स्लिम परत वेगळे. नंबर वाढला की खिळा लांब आणि जाड होतो, म्हणून बरेच जण नाल घट्ट बसेल या हिशोबाने एक नंबर मोठाच उचलतात. मी पण तेच केलं होतं.

खरं तर नाल धरून ठेवतं ते डोकं. ते नालेच्या भोकात गच्च बसलं पाहिजे, किंचित वर राहिलं तरी चालतं. मोठ्या भोकात 4 नंबर घातला की डोकं आत बुडतं, नाल हलायला लागते, चालताना खटखट. आणि बारीक भोकात 6 ठोकला तर डोकं भलतंच वर राहतं आणि रस्त्यावर घासून झिजतं. शिवाय 6 ची दांडी जाड, खुराची भिंत पातळ असली की ती फाटते नाहीतर आतल्या जिवंत भागावर दाब येतो. माझ्या घोडीला तसंच झालं, रक्त नाही काही नाही, पण दुसऱ्या दिवशी लंगडायला लागली, तो एक खिळा काढल्यावर चालायला लागली. जिव्हारी लागणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

आता 5 की 5 स्लिम? लांबीत फारसा फरक नाही, स्लिमची दांडी बारीक. रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड घेतला असेल तर त्यांचे खूर बऱ्याचदा पातळ भिंतीचे, तिथे स्लिम. मारवाडी, काठियावाडी घोड्याचा खूर कडक असतो, त्याला साधा 5 बिनधास्त. लहान तट्टाला 4 पुरे, फक्त नालेचं भोकही त्याच मापाचं हवं. रेसच्या ॲल्युमिनियम नालांचे खिळे बऱ्याचदा वेगळे असतात, साध्या लोखंडी नालेच्या भोकात ते नीट बसतीलच असं नाही.

खिळा नालेपासून साधारण पाऊण इंच वर खुराच्या भिंतीतून बाहेर यायला हवा. फार खाली निघाला तर खुराचा कडेचा तुकडा निघून नाल सुटते आणि आपण बिचाऱ्या नंबरला शिव्या घालतो, चूक असते ठोकण्याच्या कोनाची.

नंबर कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे दुकानात जाताना नवी नाल खिशात टाका आणि खिळा भोकात घालून बघा, दुकानदार हसला तर हसू दे.