चिरा, कारवी आणि वॉकर: अंगणातल्या शौचालयाचा अभिप्राय

मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर आई वॉकरवर चालू लागली, तेव्हा जुन्या शौचालयाचे दोन फुटी दार हीच पहिली अडचण झाली. म्हणून मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्याच एका गवंड्याकडून, जुने शोषखड्डे तसेच ठेवून, वरचे सारे बांधकाम नव्याने करून घेतले. अभिप्राय मुद्दाम पावसाळ्यानंतर लिहीत आहे.

खाली तीन फुटांपर्यंत जांभा चिरा आणि सिमेंटचा गिलावा, त्यावर शेणमातीने लिंपलेला कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे हलकी भिंत, आणि माथ्यावर पडक्या गोठ्याची मंगलोरी कौले, असे हे काम आहे. जिथे पाणी उडते तिथे दगड आणि वर हलका कूड ही वाटणी गवंड्याने स्वतःच केली, आणि ती अचूक ठरली. पश्चिमेच्या सरींनी एका कोपऱ्यातले लिंपण धुऊन नेले खरे, पण ते अर्ध्या दिवसात पुन्हा करता आले. सारे ३१,००० रुपयांत आटोपले; त्यात निम्म्याहून अधिक मजुरीच होती.

दाराशी चढून जायच्या उताराबाबत मात्र गवंड्याशी वाद झाला. जोते ३० सेंटिमीटर उंच असताना त्याने दीड मीटरचा उतार आखला होता, म्हणजे वॉकरसाठी घसरगुंडीच. १:१२ या प्रमाणाने, म्हणजे उंचीच्या बारापट, ३.६ मीटर लांबी लागते, हे दोरी धरून दाखवल्यावर तो नाखुशीनेच तयार झाला. पण ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढण्याची युक्ती त्याचीच, आणि श्रावणात शेवाळ धरले तेव्हा आईचा पाय त्या रेघांमुळेच ठरला. दार ९० सेंटिमीटरचे असून बाहेर उघडते, त्यामुळे आत कोणी पडले तरी दार अडत नाही.

तक्रार आहे ती आधाराच्या दांडीची. माणगा बांबू ओढ्यात मुरवून घेतला होता, तरीही सिमेंटमध्ये रोवलेले टोक सुकून आकसले आणि दोन महिन्यांत दांडी हलू लागली. भिंत बांबूची, कुडाची चालते. जिच्यावर माणूस सगळा भार टाकून उठतो, ती दांडी नव्हे. आता तिथे गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळी चिऱ्यात पक्की बसवली आहे. या गवंड्याला काम मी पुन्हाही देईन, फक्त ती नळी पहिल्याच दिवशी आणून त्याच्या हाती ठेवीन.