चाल तुमची, पण वाजवणार कोण? युवारंग की परदेशी विद्यापीठाचा नवसंगीत महोत्सव

यंदा कानबाईच्या रोटांच्या आठवड्यात, म्हणजे खान्देशातल्या या देवीच्या श्रावणातल्या सणाला, एक मुलगा घरी आला. शिरपूरकडचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइलमध्ये त्याने स्वतः लावलेली चाल होती. लय कानबाईच्या गाण्याची, पण शब्द त्याचे आणि अंतऱ्यातली वळणंही त्याचीच. चाल ऐकवून झाल्यावर म्हणाला, “मॅडम, हाई चाल युवारंगमा देऊ का बाहेर धाडू?” युवारंग म्हणजे आपल्या विद्यापीठाचा, कॉलेजांमधला युवक महोत्सव. आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने आपल्या नवसंगीत महोत्सवासाठी, म्हणजे आजच्या रचनाकारांचं नवं संगीत वाजवणाऱ्या महोत्सवासाठी, रचना मागवल्या होत्या. ती सूचना मित्राने त्याला पाठवली होती, आणि ‘बाहेर’ म्हणजे तिथे.

त्या दिवशी मी त्याला घाईत उत्तर दिलं, “दोन्हीकडे दे.” नंतर जाणवलं की हा सल्ला चुकला. एकच चाल दोन्हीकडे जशीच्या तशी जात नाही. गेली कित्येक वर्षं मी कॉलेजच्या संघांना पेटीची साथ करते, चाली लावून देते, आणि परदेशी रचना पाठवण्याचा खटाटोपही मी करून पाहिला आहे. हाच प्रश्न पडलेल्या प्रत्येकासाठी तो अनुभव इथे सविस्तर मांडते.

आधी घरचं. आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 ला सुरू झालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्या युवारंगात उतरतात. पुढची वाट राज्यस्तरीय ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवाकडे जाते, आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय व राष्ट्रीय युवक महोत्सवाकडेही. स्वतःची चाल घालायला सगळ्यात सोयीचा प्रकार म्हणजे समूहगीत. राष्ट्रीय नियमावलीनुसार जास्तीत जास्त सहा गायक, तीन वादक आणि दहा मिनिटं. दोन गाणी म्हणायची, एक हिंदी आणि एक प्रादेशिक भाषेतलं. सिनेमाचं गाणं चालत नाही. ही शेवटची अट नव्या रचनाकाराच्या पथ्यावर पडते, कारण प्रत्येक संघ नवी चाल शोधत असतो आणि चाल लावणारा कॉलेजातच सापडला तर सर-मॅडम खूश होतात.

पण नियमावलीत एक वाक्य आहे, ते नीट वाचा: गुण गायनाच्या दर्जावर दिले जातात. रचना नवी आहे का, कुणाची आहे, यासाठी वेगळे गुण नाहीत. माझ्या अनुभवात परीक्षकांनी “चाल कुणाची?” असं क्वचितच विचारलं आहे, आणि विचारलं तेही निकालानंतर, चहा घेताना. तुमची चाल जिंकली तरी ढाल संघाची असते. रचनाकार म्हणून नाव व्हावं हा हेतू असेल, तर ही जागा तो पुरा करणार नाही.

मग तिथे जायचं कशासाठी? तालमीसाठी. सहा गळे महिनाभर रोज तुमचीच चाल घोळवतात. अशी शाळा पैसे देऊनही मिळत नाही. एकदा मी एका अहिराणी गाण्याची तिसरी ओळ अशी बांधली होती की समेवर येईपर्यंत मुलींचा श्वास संपायचा. घरी पेटीवर एकटीने म्हणताना मला ते कळलंच नव्हतं. तालमीत चौथ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, इथे मी गाणं सोडते आणि ही धरते, चालेल का?” त्या दोघींनी एकमेकींना श्वास दिला, ओळ दोन गळ्यांत वाटली गेली आणि गाण्यात आधी नसलेला सवाल-जवाब आला. आज ते गाणं ऐकणारे याच जागेची तारीफ करतात. ती मी लिहिलेली नाही, तालमीत सापडलेली आहे.

दुसरं म्हणजे समोर बसलेली माणसं. अहिराणीतला शब्द कुठे लागतो, गाण्यात लेवा बोलीचा हेल कुठे आला, सातपुड्यातल्या होळीच्या ढोलाचा ठेका कधी सुरू झाला, हे त्या मंडपात सांगावं लागत नाही. शेवटच्या रांगेतून टाळी येते तेव्हा चाल पोचली की नाही ते तुम्हाला लगेच कळतं.

आता बाहेरचं. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांचे नवसंगीत महोत्सव जुने आहेत. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाचा 1980 पासून चालू आहे. बफेलो विद्यापीठात मॉर्टन फेल्डमन यांनी 1975 मध्ये सुरू केलेला ‘जून इन बफेलो’ मुख्यतः शिकणाऱ्या रचनाकारांसाठी आहे: तिथे शुल्क भरून यायचं, व्याख्यानांना बसायचं आणि आपली रचना मुरलेल्या वादकांकडून ऐकायची. नाव महोत्सव असलं तरी दोन्हींची रीत वेगळी, म्हणून सूचना आली की आधी पाहायचं की ते रचना निवडून वाजवणार आहेत की तुम्हाला विद्यार्थी म्हणून बोलावतायत.

रचना निवडणारे महोत्सव साधारण हे मागतात: स्टाफ नोटेशनमधली, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्य स्वरलिपीतली, पूर्ण संहिता (स्कोअर), पीडीएफमध्ये. शक्य असेल तर ध्वनिमुद्रण. नेमका कालावधी, रचनेबद्दल शे-दोनशे शब्दांची टीप, आणि त्यांच्याकडे कोणते वादक आहेत त्यात बसणारा वाद्यमेळ. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो हा पाच जणांचा मेळ फार ठिकाणी दिसतो. सूचनेत लिहिलेल्या मेळाबाहेरचं एक वाद्य घातलंत तर ते वाजवणारा तुम्हीच न्यायचा असतो. आपला संबळवाला ओहायोला कसा नेणार?

बऱ्याच ठिकाणी परीक्षकांना रचनाकाराचं नाव दाखवत नाहीत. यावरूनच माझी पहिली खेप फुकट गेली. संहितेच्या पानावरून मी नाव काढलं होतं, पण पीडीएफच्या आतल्या माहितीत, जिथे ‘लेखक’ असा रकाना असतो, तिथे ते तसंच राहिलं. एका महोत्सवाने दोन ओळींचं पत्र पाठवून प्रवेशिका बाद केली. तीन महिन्यांचं काम होतं ते. तेव्हापासून फाइल पाठवण्याआधी तिचे गुणधर्म उघडून पाहते, आणि तुम्हीही पाहा. मुदतीचंही एक: तिकडच्या पूर्वेकडच्या राज्यांत रात्री 11:59 म्हणजे उन्हाळी वेळेत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 9:29, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की 10:29.

दोन्ही वाटांमधला खरा फरक कागदाशी आहे. आपल्याकडे चाल गळ्यातून गळ्यात जाते. भातखंडे स्वरलेखन पद्धतीत कोमल गंधाराखाली रेघ मारली की गाणारी पुढचं समजून घेते: तो किती खाली ठेवायचा, मध्यमाला हात लावून यायचं की सरळ. स्टाफ नोटेशनमध्ये तोच स्वर लिहिला की अनोळखी वादक पियानोवरचा ठरलेला स्वर वाजवणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. कानबाईच्या गाण्याच्या पहिल्या ओळीतला गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. आमच्या गल्लीतल्या बाया तो दोन्हींच्या मध्ये ठेवतात आणि सगळ्या एकाच जागी ठेवतात. ती एक ओळ कागदावर आणायला मला अख्खी संध्याकाळ लागली. बाण लावलेली चिन्हं वापरली, मिंडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, तिरपी रेघ ओढली आणि पहिल्या पानावर प्रत्येक चिन्हाचा अर्थ लिहिला. यासाठी म्यूजस्कोर हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

तालाचं त्याहून कठीण. रूपक ताल सात मात्रांचा, तीन-दोन-दोन, म्हणून सात-आठचं (7/8) माप लिहून मोकळं होता येतं असं वाटतं. पण रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर येते, टाळीवर नाही. पाश्चात्य वादकाचा हात सवयीने पहिल्या मात्रेवर जोर देतो, आणि तिथे जोर आला की रूपक मेला. मी आता पहिल्या मात्रेवर ‘जोर नको’ असं स्पष्ट लिहिते आणि चौथ्या-सहाव्या मात्रेवर हलकी खूण करते. हे सगळं लिहून झाल्यावर जे उरतं ते गाणं आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या दोन रचनांचं उत्तर ‘नाही’ आलं, त्या मी पाठवल्या नाहीत. एकीचं ‘हो’ आलं, कारण ती पहिल्यापासून व्हायोलिन डोक्यात ठेवून सुचली होती.

आणि इथेच तिसरी वाट दिसते. माझ्या मते खान्देशातल्या मुलांसाठी बाहेर जाण्याचा सर्वांत मोकळा दरवाजा तोच आहे. यातले कित्येक महोत्सव फिक्स्ड मीडिया नावाचा विभाग ठेवतात. तयार ध्वनीची रचना, साधारण पाच ते दहा मिनिटांची, स्टिरिओ किंवा आठ स्पीकरसाठी. वादक नको, स्टाफ नोटेशन नको. सभागृहात दिवे मंद करून फाइल वाजवतात. आपल्याकडे आवाजांची काय कमी? भुसावळच्या यार्डातलं डब्यांचं जोडणं, केळीच्या बागेत ठिबकच्या नळीतून हवा निघताना येणारी शिट्टी, डांगाच्या कडेला नवापूरकडे ऐकू येणारा पावरी या आदिवासी फुंकवाद्याचा अखंड सूर, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगची घरघर. मोबाइलवर घेतलं तर वारा माइकवर आदळतो, विशेषतः वैशाखात दुपारी. म्हणून एखादा साधा हातातला रेकॉर्डर आणि त्यावर चढवायची फरची टोपी एवढा खर्च करावाच.

खर्चाचं थोडक्यात. युवारंगात जाण्या-येण्याचं आणि राहण्याचं कॉलेज बघतं. बाहेर काही महोत्सव शुल्क घेत नाहीत, काही वीस-पंचवीस डॉलर घेतात, आणि त्यासाठी परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. ते सगळ्यांच्या घरी नसतं, तेव्हा आधीच बँकेत जाऊन या. निवड झाली तरी विमानाचं तिकीट सहसा कुणी देत नाही. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाचं शुल्क 2023 मध्ये 185 डॉलर झालं, आणि मुलाखतीला जळगावहून सव्वाचारशे किलोमीटरवरची मुंबई गाठायची. म्हणून रचनाकाराने हजर राहणं सक्तीचं आहे का, ही ओळ सूचनेत सगळ्यात आधी शोधा. सक्तीचं असेल आणि पैशांची सोय नसेल तर ती सूचना बंद करा, दुसरी येईल.

‘मूळ रचना’ या शब्दावर मात्र दोन्हीकडे सारखंच सावध राहायला हवं. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. बहिणाबाईंच्या ओव्यांना चाल लावायची असेल तर भारतात अडचण नाही: त्या 1951 मध्ये गेल्या, कविता 1952 मध्ये छापून आल्या, आणि मरणोत्तर छापलेल्या साहित्यावर आपल्याकडे प्रकाशनापासून 60 वर्षंच हक्क राहतो. हयात कवीची कविता घेतलीत तर लेखी परवानगी घ्या. बाहेरचे महोत्सव ती मागतात. तुमच्या चालीचा हक्क कागदावर लिहिली नाही म्हणून जात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचना म्हणजे लिहिलेली किंवा छापलेली असंच होतं, 1994 च्या दुरुस्तीने ती अट गेली. तरीही ध्वनिमुद्रण करून तारखेसह जपून ठेवा.

कानबाईची, गुलाबाईची, वहीची अशा आपल्या लोकगीतांची चाल मात्र माझीही नाही आणि तुमचीही नाही. त्यावर रचना उभी केली असेल तर टीपेत ‘पारंपरिक चालीवर आधारित’ असं लिहायचं आणि ज्या बाईने ती तुम्हाला म्हणून दाखवली तिला विचारून तिचं नाव द्यायचं. तिचा आवाज फाइलमध्ये असेल तर तिची संमती हवीच, आणि तो आवाज कुठे, कुणासमोर वाजणार आहे हेही तिला तिच्या भाषेत समजावून सांगायला हवं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी सरळ नकार दिला. म्हणाल्या, “कानबाईनं गानं रोटास्ना दिनच म्हनतंस, आखो कव्हय नही.” म्हणजे कानबाईचं गाणं रोटांच्या दिवशीच म्हणतात, एरवी कधी नाही. मी ती फाइल पुसून टाकली. रचना त्यांच्या आवाजाविना पूर्ण केली, आणि माझा तो निर्णय बरोबरच होता.

तर निवड कशी करायची? चाल गाणाऱ्यांच्या अंगाने फुलते, शब्द अहिराणी आहेत आणि वय पंचविशीच्या आत आहे, तर डोळे मिटून युवारंग. रचना पहिल्यापासून वाद्यांसाठी सुचली आहे, स्टाफ नोटेशन येतं किंवा शिकायची तयारी आहे, आणि ती तुमच्या गैरहजेरीतही उभी राहते, तर बाहेरच्या महोत्सवाला संहिता पाठवा. नोटेशन येत नाही, पण कान तिखट आहे आणि आवाज गोळा करत हिंडायची हौस आहे, तर फिक्स्ड मीडिया. ज्यांचं कॉलेज संपलंय त्यांना पहिली वाट बंद असते. त्यांनी निराश न होता थेट तिसरी धरावी.

शिरपूरच्या त्या मुलाला मी महिनाभराने पुन्हा बोलावून हे सगळं सांगितलं. त्याने कानबाईची चाल कॉलेजच्या समूहगीताला दिली. तालमीत तिचा अंतरा आधीच बदललाय. बाहेर पाठवायला त्याने दुसरंच काम हाती घेतलंय. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या. वडील कापूस घेऊन जातात त्या जिनिंगच्या मालकाने त्याला सकाळी सातला आत येऊ दिलंय, कारण दिवसाचं पहिलं मशीन थंड असताना सुरू होतं तो आवाज त्याला हवा आहे. काल त्याने पहिली चाळीस सेकंदं पाठवली. सुरुवातीला नुसती चिमण्यांची किलबिल आहे, मग कुणीतरी खटका ओढतं.