सर्व्हेचा फोन, तयार पत्र आणि तुमची सही

2001च्या जूनअखेरीस अमेरिकेचं केंद्र सरकार आणि काही राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात अपील कोर्टाचा निकाल लागला. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत लोकांना घरी फोन यायला लागले. आधी सांगायचे, खटल्याबद्दल जनमत चाचणी घेतोय. माणूस कंपनीच्या बाजूने बोलला की काही दिवसांत त्याच्या घरी पाकीट यायचं. आत त्याच्याच नावाने टाइप केलेली पत्रं: राज्याच्या ॲटर्नी जनरलला (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), खासदारांना, राष्ट्राध्यक्ष बुश यांना. सोबत पत्ता घातलेले, तिकीट लावलेले लिफाफे. त्याने फक्त सही ठोकायची. मिनेसोटात काहींना वाटलं, सरकारच आपलं मत विचारतंय. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने बिंग फोडलं. मोहीम 'अमेरिकन्स फॉर टेक्नॉलॉजी लीडरशिप' या गटाची होती आणि त्या गटाला पैसा पुरवणाऱ्यांत मायक्रोसॉफ्टही होती.

काम सफाईचं होतं. छापील निवेदनांचा गठ्ठा कारकूनही ओळखतो, म्हणून इथे दर पत्राचा कागद, रंग, टंक आणि शब्दरचना बदललेली. आयोवात आलेली पत्रं वरवर पाहता सगळी वेगळी, पण शेजारी ठेवून वाचली की ठरावीक वाक्यं जशीच्या तशी सापडायची. युटात किमान दोन पत्रं मेलेल्या माणसांच्या नावाची निघाली. घरच्यांनी छापील नाव खोडून खाली आपली सही केलेली. एकावर पत्ता होता टूसॉन, युटा. टूसॉन आहे ॲरिझोनात! याद्या कोणी न तपासता छापल्या की असंच होणार.

खिशातून छदामही गेला नाही, मग फसवणूक कसली, असं विचारणारे भेटतात. चाचणी म्हणून घेतलेलं मत न सांगता लॉबिंगसाठी वापरलं, ही फसवणूकच.

शिवाय सही करणाऱ्याला त्यातून काही मिळण्यासारखंही नव्हतं. 2 नोव्हेंबर 2001ला केंद्र सरकार आणि कंपनी यांची तडजोड जाहीर झाली. (आयोवा, मिनेसोटा आणि युटा या तिन्ही राज्यांनी ती नाकारली.) 1974च्या टनी कायद्यानुसार असा मसुदा सरकारी राजपत्रात छापावा लागतो, 60 दिवस लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, सरकारला त्यांना उत्तर द्यावं लागतं आणि मग तडजोड जनहिताची आहे का, हे न्यायाधीश ठरवतात. तेव्हा पाकिटांतून पाठवलेल्या अँथ्रॅक्स या जीवघेण्या जंतूच्या भीतीने टपाल रखडलेलं, म्हणून ई-मेल किंवा फॅक्स करा असं सरकारनेच सुचवलं. 32 हजारांवर प्रतिक्रिया आल्या. सरकारच्या पहिल्या वर्गवारीत त्यांतल्या जेमतेम 47 'सविस्तर' ठरल्या. "कंपनीला छळू नका" आणि "कंपनी चोर आहे" या दोन्हींचं कायद्याच्या दृष्टीने वजन सारखंच, म्हणजे शून्य. ही हात वर करून घेतलेली मोजणी नसते.

वजन होतं ते कलम धरून लिहिणाऱ्यांना. उदाहरणार्थ तडजोडीचं कलम 3-जे. त्यात सुरक्षेच्या कारणाखाली काही तांत्रिक माहिती रोखून धरण्याची मुभा होती, आणि ती माहिती मागणाऱ्याचा 'व्यवसाय टिकाऊ आहे' हे ठरवायचे निकष मायक्रोसॉफ्टनेच घालायचे होते. मग साम्बासारख्या (इतर संगणकांना विंडोजशी फाइली वाटून घेऊ देणारं सॉफ्टवेअर), कंपनीच नसलेल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी कुठे जायचं? अशा हरकतीला उत्तर द्यावं लागतं. न्यायाधीश कोलार-कोटेली यांनी 1 नोव्हेंबर 2002ला तडजोड बहुतांशी मान्य केली, हेही खरं.

असा फोन आला तर आधी विचारा, पैसा कोणाचा? माझं नाव आणि पत्ता मतासोबत ठेवणार का? खऱ्या चाचणीत तुमच्या नावाने पत्र लिहिलं जात नाही. तयार पत्र घरी आलंच तर खाडाखोड करून सही करू नका. पाकीट जपून ठेवा आणि ज्या कार्यालयाच्या नावे पत्र आहे त्यांना कळवा की हे मी मागवलेलं नाही.

आता तिकीट-लिफाफ्याचाही खर्च उरलेला नाही. 2017मध्ये अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवावं या नियमावर, 2 कोटी 20 लाखांवर प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या 2021च्या अहवालानुसार त्यांतल्या जवळपास 1 कोटी 80 लाख खोट्या होत्या. गिफ्ट कार्ड आणि सोडतीच्या आमिषाने लोकांना गोळा करायचं काम घेतलेल्या बहुतेक कंपन्यांनी लोकांची संमती स्वतःच रचली होती. आपल्याकडेही डिसेंबर 2015मध्ये फेसबुकने आपल्या फ्री बेसिक्स या मोजक्या साइट फुकट देणाऱ्या सेवेसाठी वापरकर्त्यांकडून तयार मजकूर ट्राय या दूरसंचार नियामकाला पाठवून घेतला. आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत, असं ट्रायने सुनावलं.

लिहायचंच तर एक पान पुरतं: कलम कोणतं, तुम्ही काय वापरता, त्या कलमाने अडचण नेमकी कुठे येते, आणि कोणता शब्द बदलला तर ती सुटेल. फोन नंबर आणि घरचा पत्ता मजकुरात घालू नका, कारण हरकती जाहीर होतात. एप्रिल 2015मध्ये ट्रायने लाखो प्रतिक्रिया पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट साइटवर टाकल्या होत्या.